चार कंठ, चार घड्याळे

अनेक घरांतील वृद्ध श्राविकांना स्तवनांच्या कितीतरी जुन्या चाली मुखोद्गत असतात. शब्द पुस्तकांत छापलेले असतात. चाल मात्र कंठात राहते आणि कंठाबरोबरच जाते. ती जपण्यासाठी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले जाते. परंतु चौघी एकत्र गातात तेव्हा खणखणीत आवाज पुढे येतो आणि सर्वांत ज्येष्ठ श्राविकेचा क्षीण स्वर त्याखाली झाकला जातो. वास्तविक ती चाल तिनेच इतरांना शिकवलेली असते.

प्रत्येकीचा आवाज स्वतंत्र नोंदवणे हा यावरचा उपाय. त्यासाठी महागडे यंत्र अपरिहार्य नाही. काही शे रुपयांना मिळणारी यूएसबी साउंड अ‍ॅडॉप्टर, तेवढेच कॉलर माइक आणि लिनक्स असलेला जुना संगणक एवढ्यावर काम भागते. लिनक्सची ‘अल्सा’ ही ध्वनिव्यवस्था प्रत्येक अ‍ॅडॉप्टरला वेगळे साउंड कार्ड मानते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर एकसारख्या अ‍ॅडॉप्टरांचे क्रमांक बदलू शकतात. म्हणून ‘यूडेव्ह’च्या नियमाने, ज्या पोर्टला ते जोडले असेल त्यानुसार, प्रत्येकाला कायमचे नाव द्यावे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १६ बिट या प्रमाणाने एका आवाजाला तासाला सुमारे ३४६ एमबी जागा लागते. चौघींना दीड जीबी पुरेशी होते.

खरी अडचण वेळेची. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरमध्ये स्वतःचे स्फटिक-घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० इतका फरक नगण्य वाटतो; पण तासाभरात तो ०.१८ सेकंदाचा होतो आणि प्रारंभी एकत्र असलेले स्वर अखेरीस विस्कटतात. यासाठी आरंभी व समाप्तीला एकेक टाळी वाजवावी. एक मुद्रण प्रमाण मानून, बाकीची तीन ‘ऑडॅसिटी’मध्ये किंचित ताणून वा आखडून दोन्ही टाळ्या जुळवल्या की ताळा बसतो.

अनेकान्ताचा संस्कार असलेल्या घराला यात नवे काही वाटू नये. प्रत्येकाचे म्हणणे आधी वेगळे, पूर्ण ऐकावे. मेळ नंतर घालावा. चातुर्मासात महिला मंडळे जमतातच. श्राविकांची संमती घेऊन एखादी दुपार यासाठी राखून ठेवावी. क्षीण स्वर नंतर मोठा करता येतो; न नोंदवलेला स्वर मात्र कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.