ताटाशेजारची सुरी

मराठी ताटाशेजारी सुरीला जागा नसते. कापण्याचे काम स्वयंपाकघरात विळीवर आधीच उरकलेले असते. मटणाच्या फोडी तर खाटकाच्या ठोकळ्यावरच होतात. पुढे जेवणाऱ्याने बाजरीची भाकरी रश्श्यात कुस्करावी, नळी ओढावी आणि उरलेले काम दातांवर सोपवावे, अशी ही व्यवस्था. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालली आहे. मात्र ती सर्वस्वी दातांच्या भरवशावर उभी आहे, हे दात गेल्यावरच ध्यानात येते.

माझे थोरले बंधू दौंडला असतात. सारी नोकरी रेल्वेत झाली. आता वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी त्यांना वरची-खालची पूर्ण कवळी बसवली आणि त्याच सुमारास उजव्या हाताला कंप सुरू झाला. मी शिरूरहून महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते. अशाच एका फेरीत वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "वन्सं, ह्यांनी मटण सोडलंय." दादांना विचारले, तर "आता नको वाटतं," एवढेच उत्तर. खरे कारण जेवताना दिसले. वहिनी त्यांच्या वाटीतील फोडी बोटांनी सोडवून देत आणि नातवंडांच्या पंगतीत दादा मान खाली घालून बसत. मटणापाठोपाठ चिकन सुटले, मग पेरू, मग जाड भाकरी. उरला वरणभात आणि चहा-बिस्कीट. सहा महिन्यांत वजन चार किलोंनी उतरले.

उतारवयात असे उतरलेले वजन बहुधा स्नायूंचे असते आणि स्नायू गेले की उठता-बसता तोल जाऊ लागतो. म्हणूनच वृद्धांच्या आहारात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.) अंडी, दही, पनीर, डाळी यांतून ती मिळतात, हे खरे, पण जन्मभर मटण-भाकरी खाल्लेल्या माणसाने ते सोडले, ते न आवडल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्याने कापून देण्याच्या संकोचामुळे, ही गोष्ट मला डाचत राहिली. मग वाटले, ताटाशेजारी सुरीच का ठेवू नये? दौंड हे रेल्वेचे गाव. मनमाडकडे जाणारा फाटा तेथून १८७८ साली सुरू झाला. काटा-सुरीने जेवणारी साहेबमंडळी दादांनी तरुणपणी पाहिलेली होती. तेव्हा प्रस्ताव अगदीच परका नव्हता.

परदेशात भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा ताटातच कापण्यासाठी एक वेगळी सुरी असते. तिचे पाते साधारण चार-पाच इंचांचे आणि बहुधा करवतीसारखे दातेरी असते. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात 'दातेरी सुरी' किंवा 'टोमॅटोची सुरी' म्हटले की तिचीच धाकटी बहीण पुढे येते. दात्यांचे प्रयोजन समजून घेण्याजोगे आहे. सपाट धारेची सुरी लाकडी पाटावर उत्तम चालते. परंतु स्टीलच्या वा चिनी मातीच्या ताटावर ती चार दिवसांत बोथट होते, कारण तिची सारी धार ताटावर घासते. दातेरी पात्यात ताटाला टेकतात ती केवळ टोके. मधल्या खोबणींतील धार शाबूत राहते. शिवाय कापायला जोर कमी लागतो, आणि थरथरत्या हाताच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे. बोथट सुरी निरुपद्रवी असते, हा आपल्याकडील मोठा गैरसमज आहे. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती घसरते आणि घसरली की बोटावर येते.

पोलादाची पारख करण्यासाठी मी पिशवीत एक लहान चुंबक घेऊन गेले. दुकानदाराला मौज वाटली. चमचे-ताटांचे उत्तम स्टील बहुधा चुंबकाला दाद देत नाही. परंतु ते तापवून कठीण करता येत नाही, म्हणून त्याच्या पात्याला धार टिकत नाही. तेव्हा ज्या पात्याला चुंबक चिकटत नाही, ते परत ठेवावे. चिकटला म्हणजे सुरी उत्तमच, असे मात्र नव्हे. पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले आहे का, मूठ हलते का, हेही पाहावे.

पण माझ्या मते पात्याहून मुठीची निवड अधिक मोलाची. संधिवाताच्या बोटांना बारीक, गुळगुळीत मूठ आवळता येत नाही. मूठ जाड, किंचित लंबगोल आणि खरखरीत असावी. तिला बोटापुढे अडणी असावी. पात्याचे टोक गोल असावे. कंप असलेल्या काहींना जराशी जड सुरी सोयीची पडते, काहींना नाही. म्हणून ज्याला वापरायची आहे, त्याच्याच हातात देऊन पाहावे. "दादा, ही जरा धरून बघा," असे म्हणत मी दुकानात चार सुऱ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी सर्वांत देखणी बाजूला सारली आणि काळ्या रबरी मुठीची उचलली. दोन सुऱ्यांचे मिळून तीनशे रुपयांच्या आतच झाले. सहांचा मखमली पेटीतील संच दुकानदार आग्रहाने दाखवीत होता. त्याची घरात काहीच गरज नसते.

पक्षाघाताने एक हात निकामी झालेल्यांसाठी अर्धचंद्राकृती पात्याची सुरी मिळते. ती ओढावी लागत नाही, दाबून डोलवली की पदार्थ कापला जातो. इंग्रज नौसेनापती नेल्सन याचा उजवा हात १७९७ साली लढाईत गेला. त्यानंतर तो काटा आणि सुरी एकत्र असलेले एकच साधन वापरीत असे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या हाती मात्र सुरी देऊ नये; त्याचे अन्न स्वयंपाकघरातच कापून आणावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लहानशी जखमही बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, न थांबल्यास दवाखाना गाठावा. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना कापल्याचे कळतही नाही, म्हणून जेवणानंतर त्यांची बोटे पाहावीत.

दादांसाठी आता मटण बिनहाडाचे येते, कारण हाडावर दाते बोथटतात. कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त होतात. फोड काट्याने धरून मांसाच्या रेषांना आडवी कापायची, म्हणजे धागे आखूड होतात आणि कवळीखाली सहज तुटतात. तुकडा दीड सेंटीमीटरहून मोठा नको. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांच्या मऊ आहारासाठी आंतरराष्ट्रीय मापदंडातही हीच मर्यादा आहे. समोरच्या दातांनी तोडू गेल्यास कवळी उचकटते, म्हणून घास मागच्या दातांखाली, दोन्ही बाजूंना घ्यावा. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर तो सुरीचा प्रश्न नव्हे, डॉक्टरांचा आहे.

पहिल्या दिवशी दादांना एक वाटी मटण संपवायला चाळीस मिनिटे लागली. कोणी घाई केली नाही. आता पेरूही तेच कापतात, आपला आणि धाकट्या नातवाचा.

सुरी साबणाच्या पाण्यात इतर भांड्यांखाली बुडवून ठेवू नये, एवढे मात्र भांडी घासणाऱ्या बाईंना दोनदा सांगावे लागले. दुसरी सुरी वहिनींनी टोमॅटोसाठी पळवली आहे. गुडघ्यांमुळे त्यांना विळीवर बसवत नाही. पण हे त्या कबूल करीत नाहीत. पुढच्या फेरीत आणखी एक आणावी लागेल.