किलिमांजारोची संथ वाट

टांझानियातील मोशी येथे शाळेत सेवा देणारी एक तरुणी सुटी लागताच, सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव, भाड्याचे गरम कपडे घेऊन किलिमांजारोच्या मारांगू वाटेने निघाली. घनदाट वर्षावन मागे पडले, खुरटी झुडपे संपली, उरले केवळ ओसाड पठार. ४,७२० मीटरवरील किबो निवाऱ्यातून मध्यरात्री अखेरची चढण सुरू झाली. ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे वाटाड्या स्वाहिलीत बजावीत होता. गिलमन्स पॉइंटला उजाडले. ५,८९५ मीटरचे उहुरू शिखर अजून दूर होते. तिचे डोके ठणकत होते, तोल जात होता. वाटाड्याने परतण्यास सांगितले. विरळ हवेच्या या विकारावर खाली उतरणे हाच खरा उपाय. डोळे भरून आले, तरी तिने त्याचे ऐकले. सुटी संपली तेव्हा ती वर्गात वेळेवर हजर होती.