देवास गेट ते जाम गेट

उज्जैनला देवास गेट म्हटलं की लोक बसस्थानकच समजतात. स्थानकाला राजाभाऊ महाकाळ यांचं नाव आहे. उज्जैनचे हे मराठी कार्यकर्ते १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांच्या गोळीला बळी पडले. ‘महाकाळ’ वाचून बहुतेक प्रवासी हे देवाचंच नाव समजत असावेत. तसं देवाचं आजचं मंदिरही मराठ्यांनीच उभं केलेलं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात ते पुन्हा बांधलं.

पोहे, त्यांवर शेव आणि जिरावन, सोबत जिलबी, एवढं पोटात घालून सायकल देवासच्या रस्त्याला लावली. मुक्काम करत करत देवास, इंदूर, महू आणि जाम घाट उतरून महेश्वर, असा बेत होता. ‘डोंगरातून सायकल’ म्हणावं, तर पहिले दोन टप्पे फसवेच वाटतात. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि काळी माती, रस्ता सपाट, क्षितिजही सपाट. पण उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटरवर, महू साडेपाचशेच्या वर आणि महेश्वर जेमतेम दीडशेवर. म्हणजे डोंगर नाही असं नाही. आपण त्याच्या पाठीवरून चाललेलो असतो.

सपाटीवर नजर ठरते ती देवासच्या टेकडीवर. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली एकेकाळी एकाच गावात दोन संस्थानं. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंमुळे थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या, आणि हद्द गावाच्या मधूनच गेली. ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. त्याच्या देवासवरच्या पुस्तकाच्या नावातही ही देवीची टेकडीच आहे. मला मात्र टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व आठवतात. क्षयाने आजारी, गाणं बंद, अशा अवस्थेत ते इथे राहायला आले आणि माळव्याची लोकगीतं कानांत साठवत राहिले. १९९२मध्ये इथेच गेले. इथली कोरडी हवा छातीला मानवते, हे सायकलवाल्यालाही पटतं.

देवास–इंदूर रस्त्यावर क्षिप्रा लागते, नदीही आणि गावही. पुलावर थांबावंच. ही नदी उत्तरेला वाहते, चंबळेला मिळते, पुढे यमुना, मग गंगा. तिचं पाणी आटू लागलं तेव्हा २०१४पासून ओंकारेश्वरकडचं नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर उचलून तिच्या उगमापाशी, इंदूरजवळच्या उज्जैनी गावात, सोडायला सुरुवात झाली. सिंहस्थाच्या स्नानात क्षिप्रेबरोबर नर्मदाही असते ती अशी. यात भक्ती किती आणि विजेचं बिल किती, हा हिशेब उज्जैनकरांनी मांडावा. मला एवढंच दिसत होतं की जी चढण मी घाटात उतरणार, तीच हे पाणी रोज चढतं.

इंदूरबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण सायकलवरून तिथे दिसतात फक्त ट्रक. महूला बाबासाहेबांच्या जन्मभूमीवरच्या स्मारकाला नमस्कार करून दक्षिणेला वळलो, आणि रस्ता हळूहळू जंगलात शिरला. छोटे चढ, छोटे उतार. मांड्यांना कळतं, डोळ्यांना कळत नाही. मग समोर जाम गेट येतं. अहिल्याबाईंच्या काळातला हा दगडी दरवाजा विंध्याच्या अगदी कडेवर उभा आहे. मागे माळवा, कमानीतून पुढे एकदम खोल निमाड.

माळवा जिंकायला मराठे याच कडेने वर आले होते. नोव्हेंबर १७२८मध्ये चिमाजी आप्पांनी नर्मदा ओलांडली, इथून पश्चिमेला मांडूकडचा घाट चढला आणि २९ तारखेला अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला. गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही पडले. फौज तिथून उज्जैनवर गेली, पण शहर तेव्हा हाती आलं नाही. नंतर ते शिंद्यांचं ठाणं झालं, १८१०मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत. इतिहासाच्या पुस्तकात ‘नर्मदा ओलांडून माळव्यात’ हे तीन शब्दांत उरकतं. कडेवरून खाली पाहिलं, की तोफा, बैल आणि दाणागोटा घेऊन ते तीन शब्द चढणं म्हणजे काय, ते कळतं.

उतार वळणावळणांचा. ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते, म्हणून थांबत थांबत उतरलो. खाली हवा दमट आणि गरम, शेतात कापूस. मंडलेश्वरला नर्मदा दिसली आणि तिच्या काठाकाठाने महेश्वर आलं.

जायचं तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात जा. उन्हाळ्यात निमाड भाजून काढतो. पाय नवखे असतील तर उज्जैनहून निघा, ब्रेकचे रबर नवे घाला आणि घाटात अंधार पडू देऊ नका. आणि मराठ्यांचा माळवा समजून घ्यायचा असेल, तर महेश्वरहून निघा आणि घाट चढा.