चादरीवरील चूल आणि ऊब
लडाखमधील झांस्कर नदी जानेवारी-फेब्रुवारीत गोठते आणि तिच्यावर धरलेल्या बर्फाच्या थरावरून, म्हणजेच ‘चादरी’वरून, झांस्करच्या खोऱ्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या लेहकडे ये-जा करत आली आहेत. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवरच्या या वाटेवर रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. तेथे मुक्काम करताना ऊब आणि स्वयंपाक हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, कारण ऊब शेवटी शरीरालाच निर्माण करावी लागते, त्यासाठी त्याला गरम अन्न आणि भरपूर पाणी लागते, आणि पाठीवरून आणलेले इंधन अन्नापेक्षा पाण्यावरच अधिक खर्च होते.

शून्य अंशावरील १ किलो बर्फाचे त्याच तापमानाचे पाणी करण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते; तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यात खर्च होणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. तेवढ्याच उष्णतेत १ किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. प्रस्तुत लेखकाने चादरीवर काढलेल्या मुक्कामांत झांस्करी सहकारी तंबू ठोकण्याआधीच डबे घेऊन बर्फ फुटून वाहते पाणी उघडे पडलेल्या जागेच्या शोधात जात, त्यामागचे शहाणपण या हिशेबातून स्पष्ट होते: वाहते पाणी मिळाले की इंधनाचा जवळजवळ निम्मा खर्च वाचतो.

उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी तेथे ८९ अंशांच्या आसपासच उकळते, आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ कितीही वेळ उकळली तरी दाताखाली कच्चीच लागते. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो व पाणी ११० अंशांच्या पुढे जाते. म्हणून त्याचे ओझे नाइलाजाने नव्हे, आनंदाने वाहावे. मसूर किंवा मुगाची खिचडी एका शिट्टीनंतर उतरवून कुकर घोंगडीत गुंडाळून ठेवल्यास उरलेले शिजणे साठलेल्या उष्णतेवरच पूर्ण होते.

गॅसच्या छोट्या डब्यांचा भरवसा त्यांतील मिश्रणावर अवलंबून असतो. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या सुमारास, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. त्यामुळे केवळ ब्युटेन भरलेला डबा अशा थंडीत पेटतच नाही, आणि मिश्रणातलाही प्रोपेन आधी निघून गेल्याने ज्योत दिवसेंदिवस मंदावते. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह काकडा लावून तापवावा लागतो, त्याला पिन मारावी लागते, तरी तो थंडीला दाद देत नाही. मात्र कोणताही स्टोव्ह बंद तंबूत पेटवणे जिवावर बेतते, कारण अपुऱ्या हवेतील ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

स्लीपिंग बॅग उष्णता निर्माण करत नाही, पिसांत अडकलेल्या हवेच्या आधाराने शरीराचीच उष्णता राखते. अंगाखाली ही पिसे दबून हवा निघून जाते, म्हणून जमिनीकडे वाहून जाणारी उष्णता अडवण्यासाठी खालची चटई बॅगेइतकीच महत्त्वाची ठरते. दिवसाच्या घामाने ओलसर झालेले मोजे व बनियन झोपण्यापूर्वी बदलणे, आणि उकळते पाणी भरलेली घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवणे, या दोन गोष्टींइतका उपयोग तिसऱ्या स्वेटरचाही होत नाही. शिवाय त्या बाटलीतले पाणी सकाळी प्यायला मिळते.

या साऱ्या खटाटोपाला झांस्करी आहारात एक सुंदर उत्तर आहे. भाजलेल्या जवाचे पीठ, ज्याला तेथे ङाम्फे म्हणतात, लोणी व मीठ घातलेल्या गरम चहात कालवून खाल्ले जाते. धान्य घरीच भाजलेले असल्याने वाटेवर शिजवण्याचा प्रश्नच येत नाही, लागते ते फक्त कपभर गरम पाणी, आणि लोण्यातील स्निग्धता रात्रभर शरीराला जळण पुरवते. महाराष्ट्रातील घरांत होणारे सातूचे पीठ याच जातकुळीचे आहे. तूप-गुळासह ते सोबत नेल्यास इंधनाचा बराच भार घरीच ठेवता येतो.