धरणाकाठी, दहाच्या आत

शुक्रवार, रात्री

उद्या मुळशीच्या तलावाकाठी आमच्या बँडचा कार्यक्रम. सांगलीहून साडेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो सव्वासातला. गाडीवाल्यानं तवेराच्या टपाला कॅरिअर लावलंच नव्हतं. कीबोर्ड तिघांच्या मांड्यांवर आडवा.

डिझेल २,८००. पेठ नाक्यावर नाश्ता, पाच जण, ३४०. साताऱ्याबाहेर चहा ७५. पुण्यात गिटारच्या तारांचा जादा सेट ६५०. पौडला चहा ६०, डासांची कॉइल ४०. टोलचा हिशेब गाडीमालक नंतर सांगणार.

चांदणी चौक ते पिरंगुट दीड तास. भूगावात गाडी हलेचना. पोचलो तेव्हा मिट्ट काळोख, तलाव कुठल्या बाजूला आहे तेही कळलं नाही. बिदागी ठरली आहे १०,०००, राहणं-जेवण तंबू-मुक्कामाच्या मालकाचं. त्यातले ७,००० गाडीभाड्यात जातील. झोपतो.

शनिवार, रात्री साडेबारा

थंडी फार. बोटं वळत नाहीत, तरी आजचं आजच लिहायला हवं.

तंबूंचा मुक्काम तलावाच्या उतारावर आहे. पुण्या-मुंबईचे पन्नासेक लोक शेकोटी, बार्बेक्यू आणि गाणी यासाठी आलेले. पुण्यात २०१० साली एनएच-७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्याचे व्हिडिओ बघतच बँड काढायचं डोक्यात शिरलं. पण तसा मंच नव्या बँडला लगेच कोण देणार? आमच्यासारख्यांना अशा जागाच मिळतात, आणि मला त्या कमी वाटत नाहीत. माणसं चार हातांवर बसलेली असतात, कंटाळली की लगेच दिसतं.

साउंड चेक चारला होता, साउंडवाला आला सहाला. दोन स्पीकर, छोटा मिक्सर, मॉनिटर एकच, तोही गायिकेसमोर. मला माझी गिटार ऐकूच येत नव्हती. त्यात जनरेटर मंचाच्या मागेच. त्याची घरघर प्रत्येक गाण्यात होती, सगळ्यांत हळू गाण्यात सगळ्यांत जास्त.

उन्हात लावलेली वाद्यं रात्री पार बदलली. थंडीनं पोलादी तारा आक्रसतात, गिटारचा सूर चढतो. ढोलकीचं कातडं मात्र दवानं ओलावून सैल पडतं, तिचा सूर उतरतो. एकाच मंचावर आम्ही दोघं दोन दिशांना चाललो होतो. कहोन हे खोक्यासारखं तालवाद्य लाकडाचं, त्यानं साथ सोडली नाही. दर दोन गाण्यांनी मी तारा उतरवत होतो आणि ढोलकी शेकोटीजवळ शेकून येत होती.

अर्धी कव्हर, अर्धी आमची, असं मुक्कामाच्या मालकाशी बोलणं झालं होतं. आधी सिनेमाची गाणी घ्या, माणसं बसतील, असा त्यांचा आग्रह. माणसं बसलीही. पण जेवण लांबलं, सुरुवातच पावणेनऊला झाली, फर्माइशी वाढत गेल्या आणि आमची गाणी मागे मागे ढकलली गेली. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. दहाला पाच कमी असताना साउंडवाल्यानं बोट दाखवलं. आमची चार गाणी उरली होती.

गायिका माइक ठेवून सरळ शेकोटीपाशी जाऊन बसली. आम्ही मागोमाग गेलो. जनरेटरही बंद झाला. उरलेली गाणी तशीच म्हटली, नुसती. बरेच जण तंबूत गेले, पंधरा-वीस थांबले, स्वयंपाकघरातल्या बाया पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. शेवटचं गाणं २०१९ च्या पुराचं. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि आमच्या कीबोर्डवाल्याच्या घरात पहिला मजला पाण्यात होता. हे गाणं इतकं नीट आमच्या हातून आजवर झालं नव्हतं.

कॉइल लावूनही डास आहेतच.

रविवार, संध्याकाळ

आज निघायचं होतं, राहिलो. कारण शेकोटीची लाकडं सांभाळणारे काका.

साठीपुढचे असतील. सकाळी चहा घेऊन आले आणि कहोनवर बोट आपटून म्हणाले, "पोकळ खोकं, पण बोलतंय ब्येस." ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मग गायिकेकडे वळून म्हणाले, "पोरी, रातच्याला मांडवात तुझा शबुद कळला न्हाय. खाली बसलीस तवा कळला."

तिनं विचारलं, "काका, जनरेटरमुळं का?"

"त्ये तर हायेच. पर ह्ये तिघं तुझ्या संगंच सुटत्यात. शबुद पडू द्या की आधी."

देवळात घेऊन गेले. खोळीतून पखवाज काढला, उजव्या तोंडाला शाई, डावं कोरं. परातीतली ताजी कणीक मळून डाव्या तोंडाच्या मधोमध थापली. थोडी काढली, परत थोडी लावली, पाण्याचं बोट फिरवलं. मग हातोडीनं वाद्यांखालचे गठ्ठे ठोकत उजवं तोंड सुरात आणलं. वीस मिनिटं तरी गेली. कणीक दर वेळी नवी, वाजवून झालं की खरवडून टाकायची. आमचा ढोलकीवाला मांडी घालून समोर बसला होता, त्यानं फोनलाही हात लावला नाही. दवाचं काय करता, विचारलं. "त्येला इचारून लावायचं," म्हणाले, म्हणजे हवा बघून कणीक कमी-जास्त.

मग एक अभंग म्हणून दाखवला. पहिली ओळ एकट्यानं, पखवाज जवळजवळ गप्प. तीच ओळ दुसऱ्यांदा, तेव्हा ठेका आला. मंडळात टाळकरी मागे उभे राहून धृपद धरतात, ते काम आम्हाला दिलं. तिसऱ्या वेळी शब्द आमच्या तोंडात बसले होते. वारकऱ्यांनी चाल अशी बांधली आहे की मागच्या रांगेतल्या माणसालाही ओळ मिळते, आणि मिळाली की तो गायला लागतो. आम्ही मात्र पहिल्या ओळीवरच गिटार, कीबोर्ड, कहोन सगळं ओततो. मला वारकऱ्यांची ही बांधणी फार मोठी वाटते.

दुपारी जेवायला त्यांच्याच घरी. काकूंनी तांदळाच्या भाकरी, चिलापीचं कालवण आणि घरचा आंबेमोहर केला होता. भाताचा वास अंगणापर्यंत. या मावळपट्टीतला आंबेमोहर आता कमी झाला. उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उत्पन्न कमी, म्हणून बहुतेकांनी इंद्रायणी धरली. काकूंनी एक खाचर घरापुरतं राखलंय. मी तीनदा भात घेतला.

जेवताना काकांनी पुराच्या गाण्याचं विचारलं. "मग पाणी उतरलं का तुमचं?"

उतरलं, म्हणालो.

"आमचं न्हाय उतरलं."

त्यांच्या आज्याचं गाव धरणात गेलं. टाटांचं हे धरण मुंबईला वीज देण्यासाठी बांधलं. पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडं भिऱ्याच्या वीजघरात पडतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मुळशी पेट्यातले मावळे आपल्या जमिनीसाठी सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे होते, सेनापती बापट होते. बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. पन्नासहून जास्त गावांचं नुकसान झालं. काका हे शाळेतल्यासारखं सांगत नव्हते, भाकरी मोडत सांगत होते. शेतं कुठं, देऊळ कुठं, पाण्याकडं बोट करून दाखवत होते.

कीबोर्डवाला गप्प जेवत होता. नंतर तलावाकाठी त्यानंच पुराचं गाणं काढलं आणि म्हणाला, "पहिली ओळ तिला एकटीला देऊ या." तासभर बसलो. कीबोर्ड तिसऱ्या ओळीपासून, तोही एकच सूर धरून. मला हात आवरणं जड गेलं, पण ओळ ऐकली आणि पटलं.

सोमवार, रात्री, सांगली

भूगाव पुन्हा. पाऊण तास. डिझेल २,६००. कराडला जेवण ७२०.

बिदागीतले ५,००० हातात आले, उरलेले आठवडाभरात टाकतो म्हणालेत. गाडीवाल्याला ४,००० दिले. काकांना काही द्यायला गेलो तर घेईनात. गायिकेनं काकूंकडून दोन किलो आंबेमोहर विकत घेतला.

खंबाटकीपासून गाडीत सगळे झोपलेले. ढोलकीवाला तेवढा जागा होता, मिरजेत पखवाज शिकवणारं कोण आहे याची फोनवर चौकशी करत होता.

बुधवारी तालीम. पुराच्या गाण्यात कहोन दुसऱ्या कडव्याशिवाय येणार नाही, आणि धृपद चौघांनी धरायचं. पुढच्या ठिकाणी आमची गाणी आधी, कव्हर नंतर. हे मालकाला पैसे ठरवतानाच सांगायचं.