आत्या कुठंय?

झाशीहून परतल्यावर तिसऱ्या रात्री, फोटोंची साफसूफ करता करता, मी आत्याला पुसून टाकलं. मुद्दाम नाही. लॅपटॉपवर उजव्या बाजूला पट्ट्यांची एक रांग असते: उजेड, काळोख, रंग, धार. त्यातली सावल्यांची पट्टी मी सरकवत गेलो. गच्चीचा अंधारा अर्धा भाग हळूहळू उघडत गेला, ताटंच्या ताटं दिसायला लागली, मी खूश. फाइल सेव्ह केली आणि झोपलो. सकाळी चहा पिता पिता बायकोनं स्क्रीनकडं पाहिलं आणि विचारलं, "यात आत्या कुठंय?"

आत्या होती. जिथं होती तिथंच होती. फोटो चाळीस मीटरवरून, कॅमेऱ्याचं तोंड सरळ खाली करून काढलेला. जानेवारीतली सकाळ, साडेआठचा सुमार. बरुआसागरच्या वाटेवर आतेभावानं आल्याच्या शेतात बांधलेलं घर आणि त्याची चुन्यानं पांढरी केलेली गच्ची. आत्याचं वय ब्याऐंशी, केस पांढरे, लुगडं फिकं. एवढ्या उंचीवरून माणसाचं डोकं आणि खांदे तेवढे दिसतात. आत्या म्हणजे पांढऱ्या गच्चीवर सांडलेला एक चुरमुरा. ती ओळखू येत होती ती सावलीमुळं. तिच्या तिप्पट लांब सावली, कपाळावर आडवा धरलेला हात, कोपराचा टोकदार त्रिकोण, वाऱ्यावर सुटलेला पदर. मी पट्टी शंभरवर नेली तशी ती सावली इतकी फिकी झाली की चुन्यातला ओलावा वाटावा. चुरमुरा उरला, आत्या गेली.

ड्रोन मी पन्नाशीला घेतला. लोक या वयात सतार शिकायला लागतात किंवा मॅरेथॉन धावतात, दोन्हींत शेजाऱ्यांना त्रास. माझ्या ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम, आणि हा आकडा योगायोगाचा नव्हे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो', ते चालवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून कंपन्यांनी एकेक ग्रॅम तासून काढला. आत्यानं तो तळहातावर तोलून पाहिला आणि किंमत ऐकली. "पावशेर भरत नाही अजून," म्हणाली. "एवढ्यात वर्षभराचे पेढे आले असते की रे." मग उडवल्यावर खालून हाका मारायला लागली, "तो तुझा भुंगा उतरव आधी, माझे पोपट बिदकताहेत!" साठ वर्षं झाशीत राहून तिच्या मराठीत असे शब्द आले आहेत, आणि मला ते फार आवडतात. लग्न होऊन आली ती शहरातल्या खंडेराव दरवाज्यापाशी. झाशीच्या परकोटाच्या एका दरवाज्याचं नाव खंडेराव आहे हे ऐकूनच मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं.

किल्ल्यावर उडवायचा प्रश्नच नव्हता. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला, परवानगीशिवाय ड्रोन नाही. शिवाय झाशी छावणीचं गाव. मी आपला ड्रोन घरी ठेवून पायी फिरलो. कडकबिजली तोफ पाहिली. राणीनं जिथून घोडा खाली उडवला म्हणतात त्या जागी पोरं सेल्फी काढत होती. खरं-खोटं मी बोलत नाही, पण कठड्यावरून वाकून पाहिलं की आधी घोड्याची दया येते.

नवशिक्याची पापं सगळी माझ्या हातून झाली. पहिल्या आठवड्यात माझं प्रत्येक शेत पोपटी होतं, प्रत्येक तळं निळ्या शाईचं. सहा फोटो जोडून एक लांबलचक चित्र केलं, त्यात एक शेळी चालत होती. जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं तिला इमानदारीत दोन्हीकडं एकेक तोंड दिलं. कच्ची फाइल, जिला रॉ म्हणतात, ती उघडली की मीठ न घातलेल्या आमटीसारखी दिसते. सेन्सरनं जे पाहिलं ते सगळं तिच्यात असतं, फक्त चव नसते. मीठ घालायचं आपण. आणि नवा स्वयंपाकी मीठ जास्तच घालतो. भाच्यानं माझे फोटो पाहून एकच वाक्य टाकलं, "मामा, शादी का अल्बम लग रहा है." त्यानंतर मी रंगांना हात लावणं कमी केलं. सावल्यांवर मात्र माझा लोभ कायम राहिला, कारण त्या उजळण्यात एक परोपकार केल्यासारखं वाटतं. अंधारातलं कुणीतरी उजेडात आणलं!

तिथल्या जानेवारीत आणखी एक पट्टी फार मोहात पाडते: धुरकटपणा घालवण्याची. ती ओढली की लांबचे खडक, बाभळी, बेतवेच्या दिशेची झाडी, सगळं धुऊन पुसून पुढं येतं. मी ओढली आणि मग एकदम ओशाळलो, कारण मी कुठल्या गावात बसून हे करतोय ते आठवलं. हा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवानं १६१३ मध्ये बांधला. गावातली दंतकथा अशी, की ओरछाच्या गच्चीवरून राजानं पाहुण्या आलेल्या जैतपूरच्या राजाला विचारलं, माझा नवा किल्ला दिसतो का? पाहुण्यानं डोळे बारीक केले आणि म्हणाला, झाँई-सी दिसते. सावलीसारखं, पुसटसं काहीतरी. त्या झाँई-सीची झाँसी झाली, आपण तिची झाशी केली. माझी आजी मोतीबिंदू झाल्यावर म्हणायची, "मला झावळंझावळं दिसतं." तसंच काहीतरी त्या राजाला दिसलं असणार. एवढं धूसर नाव असलेल्या गावात मी धूसरपणा काढायची पट्टी ओढत होतो.

वरून पाहताना सावली ही चैनीची गोष्ट उरत नाही, हे मला आत्यामुळं कळलं. जमिनीवर उभं राहिलं की झाड उंच आहे हे डोळ्यांना दिसतं. सरळ वरून झाड म्हणजे हिरवा गोळा, विहीर म्हणजे काळा गोळा, गंजी म्हणजे पिवळा गोळा. कोण उंच आणि कोण खोल हे फक्त सावली सांगते. दुपारी बाराला उडवून बघा, सगळं गाव सतरंजीसारखं सपाट. ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं कलत्या उन्हात विमानातून फोटो घेऊन, जमिनीवरून चालताना ध्यानातही न येणारे जुने बांध आणि खंदक शोधले. बोटभर उंचवट्याची सावलीही वरून रेघ होते. उद्धव ठाकरे यांचं 'महाराष्ट्र देशा' हे हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या किल्ल्यांचं पुस्तक २०१० साली आलं. त्यातही माझं बोट रेंगाळतं ते तिरप्या उन्हातल्या पानांवर, जिथं कड्याची सावली दरीत उतरलेली असते.

आत्याच्या घरी दुपारी झोपायच्या खोलीत एक पुस्तकांचं कपाट आहे. त्यात विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' होता, जीर्ण झालेला, आत्याच्या सासऱ्यांच्या सहीचा. मी तो कॉलेजात वाचला होता, पण झाशीत बसून वाचणं वेगळं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं कळलं, तेव्हा दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली काकांबरोबर निघाले आणि नेमके बंडाच्या तोंडी सापडले. मार्च १८५८ च्या अखेरीस इंग्रज सेनापती ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे शहराच्या आत होते. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज आत घुसले, लूट झाली, माणसं मारली गेली, राणीच्या वाड्यातल्या पोथ्यांची धूळधाण झाली. हे सगळं या माणसानं पाहिलं, लपून, उपाशी, जीव मुठीत धरून. गंगेचं पाणी घेऊन घरी परतला आणि सुमारे पंचवीस वर्षांनी लिहायला बसला.

लिहायला बसवलं ते चिंतामण विनायक वैद्यांनी. महाभारताचे अभ्यासक, पुढं 'दुर्दैवी रंगू' लिहिणारे ते हेच. इंग्रज सरकारची धास्ती होती, म्हणून पुस्तक गोडशांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली निघालं. आणि निघालं ते वैद्यांनी संपादन करून. मोडीतला मजकूर त्यांनी सुधारला, भाषा नीटनेटकी केली, काही भाग वगळला. मूळ हस्तलिखित पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं आणि दत्तो वामन पोतदारांनी मुळाबरहुकूम आवृत्ती काढली ती १९६६ साली. म्हणजे एकोणसाठ वर्षं मराठी वाचकानं जे वाचलं ती रॉ फाइल नव्हती.

वैद्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. ते नसते तर फाइलच नसती. आत्याकडचं पुस्तक त्यांचंच, आणि दुपारी आडवं पडून वाचायला तेच बरं. पोतदारांची प्रत माझ्याकडं आहे, जुन्या बाजारातली. तिच्यात वाक्य सुरू झालं की थांबायचं नाव घेत नाही. बोलणारा माणूस धापा टाकतोय असं वाटतं. तोफा चालू असताना जेवणाचं काय झालं, कुणी किती दक्षिणा दिली, स्नान कुठं केलं, हे सगळं त्याला महत्त्वाचं. पहिल्यांदा वाचताना मला याचा राग यायचा. अरे, समोर राणी लढते आहे आणि तुला दक्षिणा सुचते! आता उलटं वाटतं. ज्याला कर्ज फेडायचं आहे असा एक गरीब भिक्षुक त्या वेढ्यात उभा होता, आणि त्याची उंची मला कळते ती त्या दक्षिणेच्या हिशेबामुळं. सावल्यांची पट्टी उजवीकडं सरकवली की किल्ला, तोफा, राणी सगळं लख्ख दिसतं आणि सांगणारा चुन्यात विरघळतो.

राणी त्या किल्ल्यातून चार एप्रिलच्या रात्री बाहेर पडली. त्याच १८५८ साली पॅरिसजवळ नादार नावाचा एक छायाचित्रकार बलूनमध्ये बसून जगातला पहिला हवाई फोटो काढायच्या खटपटीत होता. प्लेट वरच, टोपलीतच तयार करायची आणि तिथंच धुवायची. पण त्याच्या प्लेटा पुन्हा पुन्हा काळ्या यायच्या. कारण साधं होतं: बलूनच्या तोंडातून निसटणारा गॅस रसायनाला लागून प्लेट नासायची. शेवटी त्यानं बलूनचं तोंड बंद ठेवून एक फोटो काढला. तो आज उपलब्ध नाही. मला मात्र त्या काळ्या प्लेटाच आठवत राहतात. नुसती सावली, उजळायला खाली काहीही नाही.

मग पुण्यात मी आत्याच्या फोटोची नवी प्रत केली. सावल्या होत्या तशा ठेवल्या, उलट किंचित गडद केल्या. फोटो छापणारा आपल्या मनानं उजळून देतो, म्हणून पाकिटावर 'करेक्शन नको' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. काय सुरेख आला! गच्चीवर ती लांबच लांब बाई, हात कपाळाला, पदर उडालेला. गच्चीचा दुसरा अर्धा भाग जिन्याच्या खोलीच्या सावलीत काळाभोर. सोबत गंमत म्हणून पहिली, चुकलेली प्रतही छापली आणि दोन्ही झाशीला धाडल्या.

आठवड्यानं फोन आला.

"त्या काळ्या फोटोत काही दिसत नाही रे," आत्या म्हणाली. "दुसरा झकास आहे. सावलीत ठेवलेले सगळे सांडगे दिसतात. मी मोजले. अकरा ताटं."

"पण आत्या, त्यात तू दिसत नाहीस."

"मी कशाला हवी त्यात? सांडगे घातले मी, ते काय कमी आहे?"

खंडेराव दरवाज्याच्या घरी, लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या भिंतीला, तो दुसराच फोटो लावला आहे.