मत्स्यन्याय आणि बाराकुडा

हिवरा आश्रमापासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर. खारे पाणी आम्हांला ठाऊक आहे ते शेजारच्या लोणार सरोवराचे. तरीही 'मोठा मासा लहान माशाला खातो' हे वाक्य आमच्या वर्गात समजावून सांगावे लागत नाही. सावकाराचे व्याज, कापसाचा पडलेला भाव, ही त्याची भाष्ये मुलांनी घरीच ऐकलेली असतात.

महाभारताच्या शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मत्स्यन्याय राजसत्तेच्या समर्थनार्थ येतो. अराजकात माणसे माशांप्रमाणे एकमेकांना खातात, म्हणून दंडधारी राजा हवा! शतपथ ब्राह्मणात मात्र मनूच्या हाती आलेला इवलासा मासा स्वतःच अभय मागतो. मला ही कथा अधिक जवळची वाटते. तीत भक्ष्याला वाचा आहे.

"पण सर, हा मोठा मासा म्हणजे नेमका कोणता?" एका विद्यार्थिनीच्या या प्रश्नाने मला बाराकुडापर्यंत नेले. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांलगत वावरणारा हा शिकारी मासा. लांबट देह, पुढे आलेला खालचा जबडा, सुऱ्यासारखे दात. बालपण खारफुटीच्या आणि सागरी गवताच्या आश्रयाने काढतो. मोठा झाला की प्रवाळ खडकांकडे वळतो. झेप विजेसारखी. भक्ष्य तोंडात मावले नाही, तर त्याचे तुकडे करतो.

इथवर मत्स्यन्याय तंतोतंत जुळतो. पुढे मात्र घोटाळा होतो. प्रवाळांवरील शेवाळाच्या आधाराने राहणारे काही सूक्ष्मजीव विष निर्माण करतात. ते शेवाळ लहान मासे खातात, त्यांना मोठे, आणि विष पायरीपायरीने वर चढत बाराकुडाच्या मांसात साठते. त्याला वास नाही, चव नाही; शिजवूनही ते जात नाही. बाधा झालेल्या माणसाला कित्येकदा थंड स्पर्शही भाजल्यासारखा जाणवतो. म्हणूनच कॅरिबियन किनाऱ्यांवर मोठा बाराकुडा खाणे अनेकजण टाळतात.

यात दुर्बळांचा सूड पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गिळला गेलेला मासा परत येत नाही, आणि विष बाधते ते बहुधा किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याच्या घरात. निसर्गात न्याय शोधणे व्यर्थच. मग 'मत्स्यन्याय' या शब्दातल्या 'न्याया'चे काय? तेथे त्याचा अर्थ केवळ दृष्टान्त, रीत. बलवानांच्या सोयीसाठी आपण त्याला निसर्गाचा कायदा करून टाकले, हे वर्गात स्पष्टपणे सांगायला हवे.